वैयक्तिक माहिती म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने एखादी व्यक्ती ओळखता येते, ती या अधिनियमानुसार वैयक्तिक माहिती होय. कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कामगारांची नुसती एकूण संख्या सांगितल्याने कोणी ओळखू येत नाही. मात्र पाळी, गाव आणि दुचाकीचा क्रमांक एकत्र आले की, नाव गाळलेले असले तरी, नेमका माणूस कळतो. कारखान्याच्या फाटकावरील वहीतली नोंद कागदावरच राहिल्यास ती या कायद्याच्या कक्षेबाहेर असते. तीच संगणकात भरली, की कक्षेत येते.