अरुणोदय आणि नवा जन्म

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात बोलावयास उभे राहताना मनावर थोडे दडपण येते. कपाटांतून इतके लेखक आपल्याकडे पाहत असतात की, बोलणारा आपोआप नम्र होतो. त्यांपैकीच काही लेखकांच्या आधाराने आज मला ख्रिस्ती श्रद्धेतील ‘नव्या जन्मा’च्या कल्पनेविषयी बोलावयाचे आहे. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. मी मराठीचा अध्यापक आहे. परंतु मराठी साहित्याचा इतिहास शिकविताना हा विषय टाळून पुढे जाता येत नाही, आणि बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला तर तो मुळीच टाळता येत नाही. ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच गावात त्यांचे दोन जन्म झाले, असे त्यांच्या श्रद्धेच्या भाषेत म्हणावे लागेल.

प्रथम शब्दांचा विचार करू. कारण आमच्या व्यवसायाची ती खोडच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित धर्मपंडित रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही, असे त्याला सांगण्यात येते, तेव्हा तो गोंधळतो. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा शिरणार, असा त्याचा सरळ प्रश्न आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेमाने पहिला अर्थ घेतला, सांगणाऱ्याच्या मनात दुसराही होता.

मराठीत ही अडचण दुहेरी होते. ‘पुनर्जन्म’ हा शब्द आपल्याकडे आधीच व्यापलेला आहे. देह पडल्यावर कर्मानुसार मिळणारा दुसरा देह, हा त्याचा अर्थ. आणि संतांनी तर त्या फेऱ्यातून सुटण्याची आस धरली. ख्रिस्ती कल्पनेतील जन्म मात्र याच देहात, याच गावात, याच शेजाऱ्यांमध्ये व्हावयाचा असतो. आपल्या परंपरेत त्याला जवळचा शब्द शोधावयाचा तर तो ‘द्विज’ हा होय. पक्षी द्विज, कारण तो एकदा अंड्याच्या रूपाने व एकदा अंडे फोडून जन्मतो. दात द्विज, कारण ते पडून पुन्हा येतात. आणि मुंज झालेला मुलगा द्विज. परंतु या अखेरच्या द्विजत्वाला कुळाची अट होती, आणि घरातल्या मुलीला ते रूढीने नाकारलेले होते. ख्रिस्ती नवा जन्म कुळावर अवलंबून नाही, असा त्याचा दावा आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या दाव्याचा स्फोटकपणा कोठे होता, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा शब्द ‘पश्चात्ताप’. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर, पाहण्याची दिशाच बदलण्यावर आहे. आपला शब्द मागाहून होणारा ताप सांगतो. ताप हा त्या पालटाचा आरंभ असू शकतो, शेवट नव्हे. बाप्तिस्म्याच्या पाण्याचा अर्थही पौलाने असाच लावला आहे: पाण्याखाली जाणे हे जुन्या माणसाचे दफन आणि वर येणे हे नव्याचे उत्थान. म्हणून गुड फ्रायडेवाचून ईस्टर नाही. काहीतरी मरावे लागते. ते नेमके काय, हाच खरा प्रश्न आहे.

आता बाबा पदमनजींकडे वळतो. कासार समाजातील सुस्थित कुटुंबातला हा मुलगा. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० पासून सुरू होते. तिच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस गेले. तेथे परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला. जातिभेद मोडावा, एका ईश्वराची उपासना करावी, असे मानणाऱ्या सुशिक्षितांची ही मंडळी गुप्तपणे जमत असे. गुप्ततेत सुधारणेचे समाधान मिळत होते. किंमत मात्र द्यावी लागत नव्हती. बाबांनी किंमत दिली. तेवीस वर्षांचा तरुण आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, घरापासून तुटला. या तुटण्याचे दुःख केवळ त्याचे नव्हते, ते मागे राहिलेल्यांचेही होते. धर्मांतराच्या कथा सांगताना घरच्यांच्या या अश्रूंकडे पाहिले नाही, तर आपण अर्धीच कथा सांगतो.

परंतु त्यांच्या नव्या जन्माचा पुरावा मी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शोधत नाही. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, झाला होता. कागदावर वाट मोकळी झाली होती. घराघरांत ती बंदच होती. त्या बंद घरांतील विधवांचे हाल बाबांनी मराठी वाचकापुढे मांडले. पुस्तकात धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे, आणि समीक्षकांनी त्यावर ठेवलेले बोट योग्यच आहे. तरीही, जिच्याकडे पाहू नये अशी रूढी होती तिच्याकडे हा लेखक पाहू लागला, हे विसरता येत नाही. १८८८ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘अरुणोदय’. मला या नावात मोठे शहाणपण दिसते. अरुणोदय म्हणजे सूर्योदय नव्हे. अंधार सरू लागला आहे, परंतु वस्तू अजून स्पष्ट दिसत नाहीत, अशी ती वेळ. बाप्तिस्म्याला चौतीस वर्षे झाल्यावरही या माणसाने आपल्या जीवनाला मध्यान्ह म्हटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नवा जन्म एका दिवसात संपत नाही, याची याहून स्पष्ट साक्ष पंडिता रमाबाईंची. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही मराठी विदुषी. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचे धाडस त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, केले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तथापि पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अंतरीची खूण त्यांना पटली ती सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. तोवर मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन स्थापन होऊन पुण्यात आले होते. विधींची, मतांची, चर्चच्या अधिकाराची चर्चा त्यांनी इंग्लंडमध्ये कसून केली आणि न पटलेले मान्य करण्यास नकार दिला. नव्या धर्मात त्यांची बुद्धी गहाण पडली नाही. पुढे दुष्काळातील निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी केडगावात आसरा दिला. तेथेच १९०५ मध्ये प्रार्थनेची ती मोठी जागृती झाली, जिची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पोहोचली. सामूहिक रुदन, पापांची कबुली, रात्रंदिवस प्रार्थना असे तिचे स्वरूप होते. श्रद्धावंत तिला पवित्र आत्म्याचे कार्य मानतात, चिकित्सकाला तिचे अन्य अर्थ दिसतील. मी एवढेच पाहतो की, त्या प्रार्थनेच्या भोवती शेती, विणकाम, छपाई आणि शिक्षण यांचे रोजचे काम चालू होते. ज्यांना समाजाने संपलेल्या मानले होते त्या मुली तेथे अक्षरे जुळवीत होत्या. ‘नवे जीवन’ या शब्दांना याहून उघड अर्थ कोणता द्यावा?

तिसरे उदाहरण एका दांपत्याचे आहे, आणि ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यानंतर काही वर्षांची ताटातूट आली. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो. परंतु त्या विनोदाखाली नवऱ्याच्या नव्या जन्माने अर्धमेली झालेली एक स्त्री आहे. तिचा स्वतःचा पालट मात्र नवऱ्याच्या उपदेशाने झाला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा निकाल तिने आपल्याच मनाशी लावला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत मानावयाची नाही असे ठरविले. हे तिच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले. विधी मागाहून आला. जुने काय मरावे लागते, या मघाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते: मरावी लागते ती आपल्या श्रेष्ठत्वाची खात्री.

टिळकांचेही तसेच. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून ओवी-अभंग त्यांनी सोडले नाहीत. पुढे १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने कवीचे महाकाव्य पुढे न्यावे, हेही एक नवजीवनच.

या सर्वांवरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, धर्म बदलला म्हणजे माणूस बदलतो. तसे असते तर गोव्यात चर्चच्या बंधुसंघांत जातींची वाटणी दीर्घकाळ टिकली नसती. पाण्यातून वर आलेला माणूस जुनी जात बरोबर घेऊनच वर आला, असे अनेकदा झाले आहे. ख्रिस्ती विचारवंतांनीच त्याबद्दल खंत व्यक्त केली आहे. उलट, ज्याने कोणताही धर्म बदलला नाही अशा माणसातही काहीतरी मरते आणि काहीतरी जन्मते. त्याची एक साधी हकीकत सांगून मी थांबतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी वडिलांकडे एक ख्रिस्ती शिक्षक येत असत. गणित आणि भजन या दोन्हींत त्यांचे वडिलांशी जमे. त्यांच्यासाठी आमच्याकडे कान तुटलेला एक कप निराळा ठेवलेला होता. चहा झाला की मास्तर स्वतः उठत, मोरीवर कप विसळीत आणि बाहेरच्या कोनाड्यात पालथा घालून ठेवीत. त्यांना कोणी तसे सांगितल्याचे मला आठवत नाही. सांगावे लागत नव्हते, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. मला त्यात काही वावगे दिसत नसे; घराला उंबरा असतो तसा कोनाड्यात तो कप असे.

आई दुपारी वाचीत असे. एकदा तिने मला वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ आणावयास पाठविले. पुस्तक परत करण्याची मुदत दोनदा वाढवून घ्यावी लागली, एवढे मला पक्के आठवते. त्यानंतर किती दिवसांनी ते सांगता येणार नाही. पण एका संध्याकाळी मास्तर आले, आणि आईने घरातल्या कपबशांच्या जोडातली एक कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिले व पुन्हा बोलू लागले. चहा संपल्यावर मास्तर सवयीने उठले. आई म्हणाली, “राहू द्या, मास्तर. मी घेते.” मास्तर कप हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी तो खाली ठेवला. कोनाड्यातला कप पुढे कोठे गेला, हे मी कधी विचारले नाही.

त्या पुस्तकामुळेच हे घडले, असे मी म्हणणार नाही. आई त्याविषयी कधी बोलली नाही, आणि शेवटपर्यंत तिचे देव, तिचे उपवास जसेच्या तसे राहिले. पण ‘नवा जन्म’ हे शब्द मी वर्गात उच्चारतो तेव्हा मला यार्देन नदी दिसत नाही, आमची मोरी दिसते. या वाचनालयाने शंभर वर्षांत किती पुस्तके दिली आणि परत घेतली, याची नोंद रजिस्टरात आहे. ती पुस्तके घरी गेली असताना तेथे काय घडले, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही. बेळगावच्या बाबा पदमनजींनी आपल्या आयुष्याला ‘अरुणोदय’ म्हटले. आपल्या घरांतही तो केव्हा झाला, आणि कोठे अजून व्हावयाचा आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.