निर्दोष, पण चाळीस महिने आत

दहशतवाद मोडलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. पण महिन्याभरातच यूएपीए कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्याकडे आपल्या पांढुर्णा-सौंसरात कोणाचे लक्ष गेले? पोलिसांचा आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की कोर्टाला जामीन देता येत नाही. आरोपपत्राची मुदतही १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

सुधीर ढवळे हे ‘विद्रोही’ या मराठी नियतकालिकाचे संपादक. जानेवारी २०११ मध्ये त्यांना माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून वर्ध्याला पकडले. वर्धा आपल्याला काय परकी आहे? मे २०१४ मध्ये गोंदियाच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. मधले चाळीस महिने गेले ते गेलेच. बँकेत आम्ही चुकलेली नोंद उलट नोंदीने दुरुस्त करतो; इथे ती सोय नाही.

जून २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, आणि तोवर आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते!

त्यांचे विचार आम्हाला पटतातच असे नाही. त्या जामिनाच्या कलमाच्या मराठी प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, घरी पोरांना वाचून दाखवा.