कोकणच्या पावसात अँडीजचं निवडुंग: माझी चूक आणि आजीची चूल

आजच्या भागात कोडिंग नाही, निवडुंग आहे. आणि माझी एक चूकही आहे, ती आधीच सांगून टाकतो.

माझं गाव कुडपण, तालुका पोलादपूर. भीमाची काठी हा सुळका बघितला असेल तर गाव लक्षात येईल. 2021 मध्ये वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून पुण्याच्या बाल्कनीतल्या कुंड्या घेऊन मी गावी आलो. सगळी खांबासारखी सरळ वाढणारी झाडं, मूळची अँडीज पर्वतातली. त्यात बोलिव्हियाकडचं 'सिल्व्हर टॉर्च', म्हणजे क्लेइस्टोकॅक्टस. आणि अंगावर पांढरी लोकर असलेलं ओरिओसेरियस.

आता हिशोब बघा. या झाडांच्या डोंगरात वर्षाला काहीशे मिलिमीटर पाऊस. आणि आमच्या घाटापलीकडच्या महाबळेश्वरला पाच हजारांहून जास्त! मी ठरवलं, झाडं झाकायची. घरात एकच चांगला प्लास्टिकचा कागद होता. आजी तो लाकडांच्या खोपीवर टाकणार होती. मी म्हटलं, "आजी, झाडं महागाची आहेत." ती काही बोलली नाही. मी कागद चारही बाजूंनी गुंडाळून घट्ट बांधला.

मग 22 जुलै आला. शेजारच्या महाड तालुक्यात तळीयेला दरड कोसळली, आपल्या पोलादपुरातही माणसं गेली. त्या दिवसांत झाडांकडे कोण बघतंय? आठवड्याने कागद सोडला तर आत वाफ. लोकरवालं झाड बोट लावलं की दबत होतं, लोकर पाणी धरून बसली होती. सिल्व्हर टॉर्च बुडाशी तपकिरी. आणि तिकडे खोपीतली लाकडं ओली, चूल पेटेना, घरभर धूर. आजी खोकत होती. झाडंही गेली आणि लाकडंही.

इथे मला कळलं की निवडुंगाला पाऊस मारत नाही, न सुकणारी मुळं मारतात. दोन पाण्यांच्या मध्ये मूळ कोरडं व्हायला हवं, त्यासाठी वारा हवा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा.

सिल्व्हर टॉर्चचा शेंडा हिरवा होता. स्वच्छ सुरीने कापत वर गेलो. कापलेल्या भागात मधल्या कड्यावर एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापायचं, हा नियम. मग तो काप सुकवायचा, दोन-तीन आठवडे. पण जुलैत सुकवणार कुठे?

आजी म्हणाली, "आरं, पावसात बियाणं कुठं ठेवतो आपण? चुलीवर ठेव की!"

चुलीच्या वरच्या माळ्यावर, मिरच्यांच्या शेजारी, तो तुकडा वीस दिवस राहिला. खालची बाजू बुचासारखी कडक झाली. मग एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत, तीन भाग बारीक खडी, अशा कुंडीत उभा केला. लगेच पाणी नाही. दिवाळीला हलवून बघितलं तर मुळं धरली होती.

पुढच्या मे महिन्यात पहिल्या पगारातून दोन पत्रे आणले. आधी खोपीवर टाकले. कुंड्यांना त्याच पत्र्याखाली, कडेला, जिथे उजेड आणि वारा मिळतो तिथे जागा मिळाली. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी थोडं पाणी, बस.

आता मी परत ऑफिसला. झाड आजीकडे आहे, साधारण एक फूट. दीडेक फूट झालं की त्याला लाल, नळीसारखी फुलं येतात. तिकडे त्यावर हमिंगबर्ड येतात. आमच्याकडे शिंजीर येतो का, ते बघायचंय.

काल फोनवर आजी म्हणाली, "तुजा काटेरी खांब बरा हाय. तू कधी येतोस?"

येत्या शनिवारी जातोय. तुमच्या गावी कुंडीत काय आहे, आणि ते कोण सांभाळतं, सांगा. भेटू पुढच्या भागात.