खेळाडूची बोली आणि खेळाडूची मोकळीक



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ज्ञानेश्वरी आणि पंचवार्षिक अर्थकारण यांच्या पंगतीला कबड्डी बसलेली पाहून काही मंडळींना नवल वाटले असेल. त्यांना आम्ही आधीच धीर देतो. चढाई कशी करावी आणि घोटा कसा धरावा हे आम्ही येथे सांगणार नाही. ते चामटोलीपासून मुरबाडपर्यंतच्या गावांत संध्याकाळी मैदानावर उतरणारी पोरे आमच्याहून चांगले जाणतात. आम्ही बोलणार आहोत ते पगाराबद्दल. आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या श्रोत्यांना पगार हा विषय परका नाही.

पूर्वी कबड्डीपटूचा संसार कसा चाले? खेळ चांगला असला की रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा संघांत नोकरी मिळे. खेळण्याचा काळ फार तर दहा-बारा वर्षे, पण नोकरी निवृत्तीपर्यंत. मैदानावर गुडघा गेला तरी पहिल्या तारखेला पगार हातात पडे. रक्कम मोठी नव्हती. पण घरभाडे, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईचे औषध त्या रकमेत बसत असे. ही एक प्रकारची आयुष्यभराची बोली होती असे म्हणावयास हरकत नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूचा लिलाव हा शब्द आपल्या कानांना सरावाचा झाला. त्या पहिल्या लिलावात रेल्वेच्या राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले, तेव्हा लोकांनी तोंडात बोट घातले. पुढे चारच वर्षांत, २०१८ साली, सहा खेळाडूंची बोली कोटीच्या वर किंवा कोटीला टेकली. त्यांत इराणचा फजल अत्राचली होता, आणि आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगाही होता.

आता या लिलावातली मुख्य गोष्ट अशी, की मालक कितीही गडगंज असला तरी त्याला मन मानेल तेवढा पैसा ओतता येत नाही. प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची थैली मिळते. २०२३ साली ती ५ कोटी रुपयांची होती. त्यातच कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. जे जुने खेळाडू संघ आपल्याजवळ ठेवतो, त्यांची रक्कमही याच थैलीतून वजा होते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण घरात सांगतो. येथे अंथरूण सर्वांचे सारख्या लांबीचे केले आहे, म्हणजे श्रीमंताचे पाय गरिबाच्या अंगावर येऊ नयेत.

हा हिशेब वरवर सोपा वाटतो. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. सोयीसाठी पूर्ण थैली हातात आहे असे धरा. उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार, आणि घ्यायचे आहेत निदान सतरा गडी. माणशी जेमतेम १४ लाख येतात, आणि सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमतच त्या वर्षी ९ लाख होती. एका गड्यावर निम्म्याहून अधिक थैली रिकामी झाल्यावर बाकीच्या सहा जणांची फळी कशी उभी राहणार? पवन स्वतः उत्तम खेळला, तरी संघाला बावीस सामन्यांत दोनच विजय मिळाले आणि तो तळाशी राहिला.

येथे कोणी घाईने निष्कर्ष काढील, की महागडा खेळाडू घेणे हाच मूर्खपणा. तसे नाही. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरजा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले; म्हणजे टायटन्सपेक्षा फार कमी नव्हेत. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने अजिंक्यपद पटकावले. मग फरक कोठे पडला? पलटणजवळ आधीपासून सांभाळलेली, स्वस्तात घेऊन वाढवलेली तरुण पोरे होती. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या अहमदनगर जिल्ह्यातला, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आकाश शिंदे, मोहित गोयत हेही त्याच फळीतले. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे, त्याने सणाला एखादा दागिना घेतला तर बिघडत नाही. कणगी रिकामी असताना दागिना घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

संघाच्या बाजूने एवढे पुरे. आमचा जीव खरा अडकला आहे तो दुसऱ्या बाजूला. त्या थैलीतून ज्याला मोजले जाते, त्या पोराचे काय?

कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुका आहे. तेथला सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. २०१९ साली तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. २०२१ साली तो पुन्हा लिलावात आला. १ कोटी ३० लाखांवर बोली थांबली आणि टायटन्सने जुन्या संघाचा हक्क वापरून त्याला ठेवून घेतले. त्या हंगामात दुखापतीने तो लवकरच बाहेर बसला. पुढच्या वर्षी किंमत किती? २० लाख! त्याच्या पुढल्या वर्षी हरियाणाकडे १ कोटी. २०२४ साली दिल्लीकडे २६ लाख. शेअर बाजारातल्या कागदाची किंमतसुद्धा इतकी खालीवर झाली तर आपण म्हणू, दलालांनी काही तरी घोटाळा केला. येथे घोटाळा काहीच नाही. सारे नियमाप्रमाणे झाले. पण या सर्व लिलावांत मला अमुक संघाकडे जायचे आहे, असे म्हणण्याची सोय त्याला एकदाही नव्हती. नाव नोंदवणे आपल्या हाती. मुक्काम कोणता, ते हातोडा ठरवणार.

जुन्या संघाचा हक्क म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या कोणी शेवटची बोली लावली की जुना संघ तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेऊ शकतो. खेळाडूला बाजारभाव मिळतो, हे खरे. पण दार उघडले असे वाटावे आणि मालकाने ते आतून पुन्हा ओढून घ्यावे, असा तो प्रकार आहे.

जगात दुसरीकडे कसे चालते? अमेरिकेत त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. चेंडू लांबट, आणि पायाचा संबंध नावापुरता. तेथेही संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. ती १९९४ साली आली तेव्हा संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. पण तारखांचा क्रम लक्षात घ्या. मर्यादा आली त्याच्या एक वर्ष आधी, १९९३ साली, खेळाडूंना मोकळीक मिळाली होती. तीही कोणी दानधर्म म्हणून दिली नव्हती. १९८७ साली खेळाडूंनी संप केला, तो मोडला; मग ते न्यायालयात गेले आणि १९९२ साली मिनिआपोलिसच्या ज्यूरीने मालकांच्या बंधनांविरुद्ध कौल दिला. त्यानंतर मालक वाटाघाटीला बसले. अंबरनाथच्या जुन्या कामगारांना ही कथा सांगावी लागणार नाही.

त्या तहात मालकांना मर्यादा मिळाली. खेळाडूंना त्याच्या बदल्यात मोकळीक मिळाली. आज चार हंगाम पुरे झालेला आणि करार संपलेला खेळाडू ज्याच्याशी पटेल त्याच्याशी बोलणी करू शकतो. तळाचीही रेघ आहे: काही वर्षांच्या हिशेबात मर्यादेच्या सुमारे नऊ-दशांश रक्कम खर्च केलीच पाहिजे, पैसा दाबून ठेवता येत नाही. एखाद्या खेळाडूला वर्षभर अडवून ठेवण्याचा हक्क तेथल्या संघालाही आहे, पण तो एका वेळी एकाच खेळाडूवर चालतो आणि त्यासाठी दाम भारी मोजावा लागतो.

मोकळीक मिळताच १९९३ साली रेजी व्हाइट नावाचा बलदंड बचावपटू गावोगाव हिंडला, संघ पाहिले, आणि त्याने निवडले ग्रीन बे. हे गाव लाखभर वस्तीचे, म्हणजे आपल्या बदलापूरपेक्षाही लहान, आणि संघ गावकऱ्यांच्या भागभांडवलाचा. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर ठरले. १९९७ च्या जानेवारीत त्या गावाने अजिंक्यपद जिंकले. खेळाडूला मोकळे सोडले तर सारे जण न्यूयॉर्ककडे पळतील, ही भीती तेथेही घालण्यात आली होतीच.

तेथे सगळे आलबेल आहे असे मात्र नव्हे. सहीच्या वेळी दिलेली मोठी रक्कम पाच वर्षांपर्यंत वाटून दाखवण्याची मुभा आहे, म्हणून संघ आजचा खर्च उद्यावर ढकलतात. डेन्व्हरने रसेल विल्सन या खेळाडूला २०२४ साली मुक्त केले, आणि जो आता आपल्याकडे खेळतच नाही त्याच्या नावावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांच्या मर्यादेतून वजा करून घेतले. उधारीचे किराणा खाते सर्व देशांत सारखेच असते!

आमचे मत विचाराल तर थैलीची मर्यादा राहावी. ती काढली तर दोन-तीन धनिकांचे संघ उरतील आणि बाकीचे हजेरी लावतील. पण मर्यादा असताना लिलावाची सक्ती सर्वांवर कशासाठी? नव्या पोराला लिलाव ठीक आहे. त्याला मूळ किमतीचा तरी आधार असतो. चार हंगाम खेळलेल्याला मात्र लिलावाबाहेर बसून कोणत्याही संघाशी बोलणी करू द्यावी. रक्कम त्याच थैलीतून वजा व्हावी, म्हणजे मालकांमधला समतोल बिघडत नाही. पवन सेहरावतची बोली २०२५ साली ५९ लाख ५० हजारांवर आली होती. अशा उतरणीला लागलेल्या खेळाडूला दोन पैसे कमी घेऊन तीन वर्षांचा करार हवासा वाटेल, घराजवळचा संघ हवासा वाटेल. तशी अदलाबदल हातोड्याखाली होत नाही, समोरासमोर बसूनच होते.

आणि येथे बसलेल्या आईबापांना एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोराचे नाव लिलावाच्या यादीत आले तरी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवा आणि तो अर्ज वेळेवर करा.

आमची वेळ संपली. थैलीतून अठरा गडी कसे बसवायचे हे ज्यांना स्वतः मांडून पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर थांबावे. फळा आणि खडू येथे आहेतच.