करंडक आणि साखळी
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या शाळेत मी खेळ शिकवीत असे. निवृत्तीनंतर एकदा गोलबाजारात जुनी विद्यार्थिनी भेटली. आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, बूट अजून जपून ठेवलेत. पण खेळायचं कुणाबरोबर?" मला उत्तर देता आले नाही. आजच्या सोहळ्यात गौरवाचे बोल अपेक्षित असतील. मी मात्र त्या प्रश्नाविषयीच बोलणार आहे.

शाळेत असेपर्यंत मुलीला थोडेफार सामने मिळतात. सुब्रतो करंडकात २०१२ पासून सतरा वर्षांखालील मुलींचाही गट आहे. परंतु खालच्या पातळीवरच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. आठ संघ आले, तर पहिल्या फेरीतच चार संघ सामान बांधतात. वर्षभराचा सराव आणि एक सामना! ज्या संघाला सामन्यांची अधिक गरज, त्यालाच आधी घरी पाठवावयाचे, असा हा न्याय. साखळीत तसे नसते. आज पाच गोलांनी हरलेल्या संघाला पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहावेच लागते, आणि संघ घडतो तो त्या पुढच्या रविवारी. करंडकाची चुरस मलाही प्रिय आहे. पण कळस चढवावयाचा तर खाली मंदिर हवे.

हे मंदिर उभे राहावयास किती काळ लागतो, पाहा. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे त्रेपन्न हजार प्रेक्षक जमले होते. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना देऊ नयेत, असा ठराव केला. स्त्रियांनी खेळू नये, असा कायदा झाला नव्हता. मैदान तेवढे काढून घेतले. तेवढ्याने सुमारे पन्नास वर्षे वाया गेली.

आपल्याकडे १९७५ साली महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला. १९८३ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या. तरीही राष्ट्रीय महिला लीग सुरू व्हावयास २०१७ उजाडले, आणि तिची पहिली मुख्य फेरी दिल्लीत तीन आठवड्यांच्या आत आटोपली. नाव साखळीचे, बेत लग्नघाईचा! स्वतःच्या मैदानावर आणि प्रतिपक्षाच्या मैदानावर, अशी खरी साखळी २०२३-२४ च्या हंगामात आली. कोल्हापूरसारख्या, तालमींनी फुटबॉल जोपासलेल्या शहराचा महिला संघ २०१९ मध्ये लुधियान्यात या लीगमध्ये उतरला, तेव्हा मला विशेष आनंद झाला. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडक आता राजमाता जिजाबाईंच्या नावाने दिला जातो, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण त्या करंडकापर्यंत जाणारी वाट जबलपुरातून कोठून निघते?

लांब जावयास नको. शहडोल जिल्ह्यातील बिचारपूर गाव. 'मन की बात'मध्ये जुलै २०२३ ला त्या 'मिनी ब्राझील'चा उल्लेख झाला. तेथे मुलीही फुटबॉल खेळतात. लहान गावाला जे जमले, ते राणी दुर्गावतीच्या या नगरीस जमू नये?

माझे गणित अगदी साधे आहे. चार संघ : माजी विद्यार्थिनींचा एक, महाविद्यालयीन मुलींचे दोन, वस्त्यांमधील मुलींचा एक. प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळावयाचे, म्हणजे प्रत्येक संघाला सहा सामने. एकूण बारा. रविवारी सकाळी दोन सामने घेतले, तर सहा रविवारांत साखळी पूर्ण होते. सातव्या रविवारी करंडकाचा अंतिम सामना. पंच, प्रथमोपचाराची पेटी, पाणी आणि कपडे बदलण्यास एक वर्गखोली. एवढेच. पालकहो, मुलगी बारावीत गेली की बूट माळ्यावर टाकू नका. माताभगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांना वाटते की वय उलटले, त्यांनी गोलरक्षकापासून सुरुवात करावी. धावावे कमी लागते, ओरडावे अधिक.

व्यवस्थापन समितीचे सदस्य समोर बसले आहेत. शाळा सुटल्यावर आपल्या मैदानाच्या फाटकास कुलूप लागते. हीरक महोत्सवाची भेट म्हणून मी समितीकडे केवळ सात रविवारांपुरती त्या कुलपाची किल्ली मागते. गोलरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक मी जपून ठेवला आहे.