गाडीत बसण्याआधी चाकाकडे बघा



नवरात्र जवळ आलं. गावोगावच्या गटांत आता एकच बोलणं चाललंय, यंदा कुठं जायचं, कोल्हापूर का तुळजापूर? गाडी कुणाची ठरवायची? माणशी किती पडतील? डबे कोण आणणार? सगळं ठरतं, पण गाडीचे ब्रेक आणि टायर कसे आहेत हे कुणी विचारत नाही. आज तेवढ्यावरच बोलणार आहे.

मी काही मोठी इंजिनिअर नाही. आमचं तालुक्याच्या रस्त्याला गॅरेज आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून हिशेबाची वही माझ्याकडे. वही लिहिता लिहिता कान आणि डोळे तयार झाले. कुठली गाडी नुसती कुरकुरते आणि कुठली जिवावर उठणार, एवढं आता समजतं. हे समजायला गॅरेजच लागतं असं नाही. भाकरी भाजलीय का कच्ची, हे आपण नुसतं बघून सांगतो ना? तसंच हे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या गटानं तुळजापूरला जायला गावातलीच एक जीप ठरवली. अकरा वर्षांची गाडी. पिवळी पाटी, फिटनेसचा कागद, सगळं व्यवस्थित. पहाटे चारला सगळ्या बायका बसल्या. मी बॅटरी मारून चाकं बघितली, तर मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूनं अंड्याएवढा फुगा आलेला.

मी पोराला म्हटलं, "बाळा, हा टायर बदल." तो म्हणाला, "काकू, काही होत नाही. परवाच पंढरपूर करून आलो." गाडीतून आवाज आला, "अगं चल की, उशीर होतोय." खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे. शेजारचं पोर, उगाच कशाला वाईटपणा घ्या? पण फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले असतात. तिथं नुसतं रबर हवा धरून असतं. पंधरा जीव त्यावर बसवायचे? मी उतरूनच राहिले.

त्यानं स्टेपनी काढली, तर ती पार गोटा झालेली. शेवटी टायरचं दुकान उघडेपर्यंत थांबलो. पोराकडे पैसे नव्हते, म्हणून गटानं भाड्यातलेच पैसे आगाऊ दिले. चार तास उशीर झाला. दोघी-तिघी माझ्याशी दिवसभर धड बोलल्या नाहीत. तो टायर फुटलाच असता असं मी म्हणत नाही. पण बालाघाटाचा डोंगर उतरताना मी निवांत बसले होते, एवढं खरं.

आता काय बघायचं ते सांगते. आधी टायर. पाच गोष्टी लक्षात ठेवा, पाच बोटांवर मोजा.

पहिली, नक्षी. टायरवरच्या खाचा पावसाचं पाणी बाजूला काढतात. खाचा झिजल्या की ओल्या रस्त्यावर चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. जीप-कारच्या टायरची नक्षी नियमाप्रमाणे निदान १.६ मिलिमीटर खोल लागते. मोजपट्टी नको. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला.

दुसरी, फुगा, चीर किंवा बाहेर दिसणारी तार. यातलं काहीही दिसलं तर त्या चाकावर बसायचं नाही. टायरची आतली बाजूही वाकून बघा, फुगा तिथंच लपतो.

तिसरी, झीज कुठं आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. मधोमध झिजला तर हवा जास्त. एकाच कडेला झिजला तर चाकं सरळ नाहीत, अलाइनमेंट करायला हवी. कमी हवेचा टायर भरल्या गाडीत तापतो आणि तापलेला टायर फुटतो. म्हणून हवा टायर थंड असताना, निघण्याआधी तपासायची.

चौथी, वय. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१८ लिहिलंय, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर उन्हानं कडक होतं, त्याला भेगा पडतात. नक्षी चांगली असली तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा.

पाचवी, स्टेपनी, जॅक आणि पाना. स्टेपनीला हवा आहे ना, हे हात लावून बघा.

आता ब्रेक. हे ड्रायव्हरच्या समोर, गाडी उभी असतानाच बघायचं. त्याला म्हणा, "दादा, ब्रेक दाबून धर." पाय थोडा जाऊन घट्ट थांबला पाहिजे. स्पंजासारखा मऊ लागला तर नळीत हवा शिरलीय. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिला, तर तेल कुठंतरी गळतंय किंवा आतला पंप खराब झालाय. दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नसेल, तर ती गाडी आधी गॅरेजला न्यायची, प्रवासाला नाही. "मला सवय आहे" असं ड्रायव्हर म्हणेल. सवय त्याला असते, समोर आडव्या आलेल्या म्हशीला नसते.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी बाटली बघा. तिच्यावर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. सारखं कमी होत असेल तर नुसतं भरून भागत नाही. लायनर झिजलेत का गळती आहे, ते शोधावं लागतं. चाकाच्या आतून ओल दिसली तर गळती धरून चाला. आणि त्या बाटलीत इंजिन ऑइल कधीही ओतू देऊ नका. आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो.

गाडी चालू झाल्यावर कान उघडे ठेवा. ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखर आवाज आला, तर लायनर संपलेत. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर सगळी चाकं सारखी धरत नाहीत. दोन्हींत गाडी दुरुस्तीलाच गेली पाहिजे.

आता घाट. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून कुणी उतरत असेल, तर तिथंच बोला. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत थांबते, पाय दगडासारखा जड होतो. सारखा ब्रेक धरून उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासा होतो. वास आला की गाडी सुरक्षित जागी थांबवून थंड होऊ द्यायची. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही.

कागदांचंही सांगते. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं केली, तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळायला अडचण येऊ शकते. पण नुसत्या कागदावरही जाऊ नका. आमच्या त्या जीपचा कागद चोख होता, टायर नव्हता.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गाडी निघायच्या पहाटे बघू नका, दोन दिवस आधी दारात बोलवा. पहाटे सगळ्या बसलेल्या असतात, तेव्हा बोलणारी एकटी पडते. दोन दिवस आधी ड्रायव्हरलाही टायर बदलायला वेळ मिळतो आणि त्याचा चारचौघांत अपमानही होत नाही. गटाच्या वहीत ठराव लिहा, गाडी दोघी जणी बघतील आणि त्या नाही म्हणाल्या तर गाडी बदलायची. मग वाईटपणा कुणा एकीचा राहत नाही.

आमच्या गटानं असा ठराव केलाय. आणि गंमत म्हणजे, यंदा ते पोर स्वतःच येऊन म्हणालं, "काकू, चारही टायर बघून घ्या."

आई भवानी पाठीशी आहेच. पण चाकाकडे आपणच बघायचं.