सुट्टीत गावी जाताना कुंड्यांचं काय?



मे महिना आला. मुलांच्या परीक्षा संपल्या, गावी जायच्या बॅगा भरायला लागल्या. आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा समोर आला, मागे कुंड्यांना पाणी कोण घालणार?

मागच्या वर्षी मी दहा दिवस गावी गेले. निघताना सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घातलं, खालच्या ताटल्याही काठोकाठ भरल्या. परत आले तर पश्चिमेच्या ग्रिलमधला मोगरा वाळून काड्या झालेला. तो माझ्या आईच्या अंगणातला होता. आई आता नाही. खरं सांगते, पिशव्या तशाच टाकून मी रडले. आणि सावलीतल्या कोरफडीच्या ताटलीत मात्र पाणी शिल्लक होतं, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

तेव्हा एक गोष्ट समजली. झाडाला जास्त पाणी देऊन जाण्याआधी त्याची तहान कमी करायला हवी.

म्हणून निघायच्या आधी कुंड्या ग्रिलमधून खाली घ्या. उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी एकमेकींना चिकटून ठेवा. मातीवर वाळकी पानं किंवा नारळाच्या शेंड्या दोन बोटं जाड पसरा. फुलं आणि कळ्या खुडून टाका, कारण फुलणारं झाड पाणी जास्त पितं. जाण्याआधी खत घालू नका.

आता पाण्याची सोय. परकराची जुनी सुती नाडी घ्या. नाडी नवी असेल तर गरम पाण्यात धुऊन तिची खळ काढा. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंच, स्टुलावर ठेवा. ओल्या नाडीचं एक टोक बादलीच्या तळाशी सोडा, दुसरं कुंडीतल्या मातीत चार बोटं खोल पुरा. दिव्यातली वात तेल ओढते, तशी नाडी पाणी ओढते. बादलीवर कापड घट्ट बांधा, म्हणजे डास आत जाणार नाहीत.

हे सगळं निघायच्या दिवशी करू नका. चार दिवस आधी करून बघा. बादलीत पाण्याच्या पातळीवर खूण करा, दिवसाला किती पाणी उतरतं ते पाहा, मग जितके दिवस जाणार तितक्याचा हिशोब करा.

शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल, तर “रोज पाणी घाला” असं सांगू नका. बिचाऱ्या काळजीपोटी जास्तच घालतात आणि मुळं कुजतात. “मातीत दोन पेरं बोट खुपसा, कोरडं लागलं तरच घाला,” असं सांगा.

आणि ताटल्या रिकाम्या करून, घासून, पालथ्या ठेवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. आपली सुट्टी तेवढीच असते!

माझ्या मोगऱ्याचं काय झालं? मी तो चार बोटं ठेवून छाटला आणि सावलीत ठेवला. पावसाळ्यात बुंध्यातून एक कोंब आला. यंदा त्याला कळ्या धरल्या आहेत. परवा निघताना त्या मी खुडणार आहे, आणि आईच्या फोटोपुढे ठेवून मगच कुलूप लावणार आहे.

तुमचाही प्रवास सुखाचा होवो.